सोमालियात दुष्काळाची चाहूल आधी लागते, तरी माणसे गाव का सोडतात?

प्रश्नकर्त्याने तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. सोमालियातील दुष्काळाचा अंदाज काही महिने आधी येतो, तर लाखो माणसे गाव सोडून शिबिरांत येईपर्यंत मदत संस्था काय करत असतात? धान्य पाठवायचे सोडून त्या मोबाइलवर पैसे का पाठवतात? आणि ते पैसे मधल्यामध्ये कोणी खात नाही का? पोषण आणि मदतवाटपाच्या कामात मी बरीच वर्षे दक्षिण सोमालियात, मुख्यतः बैदोआ शहर आणि त्याच्या आसपास, काढली आहेत, त्यामुळे हे उत्तर तिथल्या अनुभवावर बेतलेले आहे. सुदानला किंवा येमेनला ते जसेच्या तसे लागू पडेल असा माझा दावा नाही.

तिन्ही प्रश्नांचे मूळ माझ्या मते एकच आहे आणि ते धान्याच्या साठ्यात नाही. मदत कुटुंबाला त्याच्या गावात गाठते की शहराच्या कडेला उभारलेल्या झोपडीत, यावर त्या घरातील किती मुले वाचतील हे बव्हंशी ठरते. गावात असताना हाती आलेल्या पैशाने चार शेळ्या वाचतात. तोच पैसा दोन महिन्यांनी शिबिरात आला, तर तो पाण्याला आणि जागेला जातो, आणि तोवर धाकटे मूल गोवराने आजारी पडलेले असते.

आधी अंदाजाविषयी. सोमालियात वर्षातून दोनदा पाऊस येतो: एप्रिल ते जून मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. प्रशांत महासागरात ला निनाची स्थिती, म्हणजे पृष्ठभागाचे पाणी नेहमीपेक्षा थंड, असली की छोटा पाऊस बहुधा दगा देतो, आणि ते पाऊस सुरू होण्यापूर्वीच बऱ्यापैकी सांगता येते. 2010 मध्ये नेमके तसेच झाले. त्या वर्षाच्या अखेरीपासून धोक्याचे इशारे दिले जात होते आणि 2011 चा मोठा पाऊस फसेपर्यंत ते अधिकाधिक स्पष्ट होत गेले. तरीही संयुक्त राष्ट्रांनी दुष्काळ जाहीर केला तो 20 जुलै 2011 रोजी, आधी दक्षिण सोमालियातील बकूल प्रांताचा दक्षिण भाग आणि खालचा शबेले प्रांत या दोन ठिकाणी. नंतरच्या अभ्यासात ऑक्टोबर 2010 ते एप्रिल 2012 या काळातील मृत्यूंचा अंदाज सुमारे 2,58,000 इतका निघाला. त्यांतील निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालील मुले होती. यांपैकी फार मोठ्या संख्येने माणसे जाहीर घोषणेच्या आधीच गेलेली होती.

यात आश्चर्य नाही, कारण दुष्काळ ठरवण्याची पद्धतच तशी आहे. अन्नटंचाईची तीव्रता मोजणारी आयपीसी नावाची पाच पायऱ्यांची मोजपट्टी सगळे वापरतात. तिच्या पाचव्या पायरीवर एखादा भाग जाण्यासाठी तिथल्या किमान 20 टक्के कुटुंबांपुढे अन्नाची टोकाची टंचाई असावी लागते, 30 टक्के मुले तीव्र कुपोषित असावी लागतात आणि दर 10,000 माणसांमागे रोज किमान दोन मृत्यू होत असावे लागतात. म्हणजे दुष्काळाची घोषणा हा एक प्रकारचा पंचनामा असतो. झालेल्या नुकसानीची नोंद करणे हे त्याचे काम. या मोजपट्टीवर माझा राग नाही. ती काटेकोर आहे म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवला जातो. माझी तक्रार निधी देणाऱ्या देशांविषयी आहे, कारण तिसऱ्या आणि चौथ्या पायरीचे अहवाल हाती असताना ते पाचव्या पायरीची वाट बघत बसतात.

2011 मध्ये उशीर होण्याचे आणखी एक कारण होते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दक्षिणेचा बहुतेक ग्रामीण भाग अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेच्या ताब्यात होता. धमक्या आणि अटी यांना कंटाळून संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने जानेवारी 2010 मध्ये तिथल्या मोठ्या भागातून काढता पाय घेतला होता. दुसऱ्या बाजूने अमेरिकेचे दहशतवादविरोधी कायदे असे होते की रस्त्यावरच्या नाक्यावर एखाद्या ट्रकने अल-शबाबला कर भरला, तरी ती मदत देणारी संस्था गुन्हेगार ठरू शकत होती. अशा वेळी इशारा ऐकू येऊनही तिजोरी उघडत नाही. सोमालियापुरती संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांतून मानवतावादी मदतीला सूट देणारा ठराव सुरक्षा परिषदेने 2010 मध्ये केला होता, आणि डिसेंबर 2022 च्या 2664 क्रमांकाच्या ठरावाने अशी सूट संयुक्त राष्ट्रांच्या मालमत्ता गोठवण्याच्या सर्वच निर्बंधांना लावली. पण कागदावरची सूट बँकेत नियमांचे पालन तपासणाऱ्या विभागापर्यंत झिरपायला वेळ लागतो.

आता कुटुंब गाव कसे सोडते ते पाहू, कारण सगळ्या नियोजनाची किल्ली तिथे आहे. बैदोआ ज्या बे प्रांतात आहे तो सोमालियाचा ज्वारीचा पट्टा. तिथला शेतकरी आपल्याकडच्या जुन्या पद्धतीप्रमाणे जमिनीत पेव खणून त्यात ज्वारी साठवतो आणि जोडीला शेळ्या, गाई, कुठे उंट पाळतो. एक पाऊस चुकला तर पेवातील ज्वारी पुरवून खाल्ली जाते. दुसरा चुकला की आधी बोकड विकले जातात, मग दुभत्या शेळ्या. अडचण अशी की सगळा तालुका एकाच वेळी शेळ्या विकायला काढतो, त्यामुळे शेळीचा भाव कोसळतो आणि त्याच आठवड्यांत ज्वारीचा भाव चढत असतो. म्हणून एका शेळीच्या बदल्यात बाजारात किती किलो ज्वारी मिळते, हा एक आकडा आम्ही फार काळजीने बघतो. पावसाच्या नकाशांपेक्षा माझा त्या आकड्यावर जास्त भरवसा आहे.

शेळ्या संपल्या की उधारी सुरू होते. गावचा दुकानदारही तसा छोटाच माणूस असतो. त्याला माल देणारा बैदोआचा व्यापारी हात आखडता घेऊ लागला की तो उधारी बंद करतो. माझ्या निरीक्षणानुसार गाव सुटण्याचा खरा क्षण हा असतो. पाऊस त्याच्या आधी कित्येक महिने गेलेला असतो. पाण्याच्या टँकरचा भाव परवडेनासा होणे हे दुसरे निमित्त. मग पुरुष उरलीसुरली जनावरे घेऊन कुठे चारा मिळेल तिकडे जातो आणि बाई मुलांना घेऊन बैदोआचा, मोगादिशूचा किंवा सीमेपलीकडे इथिओपियातील डोलो आडो अथवा केनियातील दादाबचा रस्ता धरते. ज्यांच्याकडे थोडे पैसे उरलेले असतात ते गाडीने लवकर निघतात. ज्यांच्याकडे काहीच नसते ते सर्वांत शेवटी, सर्वांत अशक्त झाल्यावर आणि पायी निघतात.

इथे एक सामाजिक बाब समजून घ्यावी लागते. सोमालियात परदेशांतील नातेवाइकांकडून वर्षाला शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम येते आणि अवर्षणात पहिली मदत हीच असते. पण ती सर्व कुळांना सारखी मिळत नाही. बे आणि बकूलमधील रहनवेन शेतकरी आणि नदीकाठचे बांटू समाज यांचे परदेशी नातेवाईक कमी, शस्त्रबळ कमी आणि राजकारणातील वजनही कमी. 2011 मध्ये सर्वाधिक मृत्यू यांच्यातच झाले. संपूर्ण देशात पाऊस सारखाच कमी पडला तरी मरण सारखे वाटले जात नाही, हे कोणत्याही नकाशावर दिसत नसले तरी मदतीचा आराखडा करणाऱ्याने पहिल्या दिवशी लक्षात घ्यायचे असते.

शिबिरात आल्यावर काय होते, याचा एक तुकडा जवळून सांगतो. नवे कुटुंब आले की आमची पोषण सेविका प्रथम मुलाच्या डाव्या दंडाला कागदी पट्टी गुंडाळते. पट्टी 11.5 सेंटीमीटरच्या खाली, म्हणजे लाल भागात आली तर मूल अतितीव्र कुपोषित. मग ती त्याच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून सूज बघते, कारण सुजलेले मूल वरवर गुबगुबीत दिसते आणि नवशिक्या डोळ्याला फसवते. मुलाला भूक असेल आणि दुसरा आजार नसेल तर त्याला शेंगदाण्याच्या पौष्टिक लगद्याची पाकिटे घरी देतात; 92 ग्रॅमच्या एका पाकिटात 500 कॅलरी असतात आणि एका मुलाच्या पूर्ण उपचाराला साधारण 150 पाकिटांचे एक खोके लागते. पण पुढच्या आठवड्यात मुलाचे वजन वाढलेले नसते. चौकशी केली की कळते, आईने पाकिटे चारही मुलांत वाटली. घरात दुसरे काहीच नसताना एकाला भरवून तिघांना बघत बसवणे कोणत्या आईला जमेल? म्हणून आजारी मुलाच्या पाकिटांबरोबर त्या घरालाही धान्य किंवा पैसे मिळालेच पाहिजेत. नाहीतर उपचाराचा आकडा अहवालात दिसतो आणि मूल आहे तिथेच राहते.

आणि निव्वळ भुकेने मरणारी मुले त्या मानाने थोडी असतात. कुपोषित शरीराला गोवर, हगवण, पटकी (कॉलरा) आणि न्यूमोनिया मारतात. अल-शबाबच्या ताब्यातील गावांत लसीकरण मोहिमांना बंदी असते, त्यामुळे शिबिरात येणारी कित्येक मुले एकही लस न घेतलेली असतात; ती दाटीवाटीच्या झोपड्यांत एकत्र आली की गोवराला रान मोकळे मिळते. म्हणून सहा महिने ते पंधरा वर्षे वयाच्या सर्व मुलांना गोवराची लस देणे हे काम शिबिराच्या पहिल्या दिवसांतच उरकायचे असते, धान्याचा ट्रक पोहोचला नसला तरीही. तीच गोष्ट पाण्याची. माणशी रोज 15 लिटर पाणी आणि 20 माणसांमागे एक शौचकूप हा सर्वमान्य मापदंड आहे. सुरुवातीच्या काळात 50 माणसांमागे एकावर भागवावे लागते आणि पुष्कळदा तेही होत नाही. 2017 मध्ये दुष्काळ टळला असे आम्ही म्हणतो, पण त्याच वर्षी सोमालियात पटकीचे 78,000 च्या आसपास रुग्ण झाले. ऑगस्ट 2011 च्या आरंभी ज्या नव्या भागांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत मोगादिशू आणि अफगोये इथल्या विस्थापितांच्या वस्त्या होत्या. माणसे दुष्काळापासून पळून जिथे आली होती, तिथेच तो जाहीर झाला.

आता पैशांकडे येतो. बहुतेक लोकांच्या मनात धान्याची पोती हेच मदतीचे चित्र असते, आणि बाजारात धान्यच नसेल तर ते चित्र बरोबरही आहे. पण दक्षिण सोमालियात सहसा तसे नसते. 2011 च्या सर्वांत वाईट महिन्यांतही व्यापारी मोगादिशूच्या बंदरातून आणि केनियाच्या सीमेवरून तांदूळ, पीठ आणि तेल आणत होते. लोकांकडे ते विकत घेण्याची ऐपत नव्हती. देश एरवीही आपल्या धान्याचा मोठा भाग आयात करतो, त्यामुळे ही व्यापारी साखळी बळकट आहे आणि अल-शबाबच्या नाक्यांशीही तिने आपले जमवून घेतलेले आहे. संस्थेचा धान्याचा ताफा जिथे अडतो तिथे व्यापाऱ्याचा ट्रक जातो. त्या वर्षी हवाला व्यापाऱ्यांमार्फत पैसे आणि कुपने देण्याचा मोठा प्रयोग झाला. आता तेच काम होर्मूद या मोबाइल कंपनीच्या ईव्हीसी प्लस या पैसे पाठवण्याच्या सेवेतून साध्या मोबाइलवर होते. रक्कम डॉलरमध्ये येते, दुकानदार ती फोनवरच स्वीकारतो, आणि पैसे गावात राहूनच मिळतात, त्यासाठी बाईला वाटप केंद्रापर्यंत चालत यावे लागत नाही. माझ्या दृष्टीने हा शेवटचा फायदा सर्वांत मोठा आहे, कारण धान्यवाटपाचे केंद्र शहरात उघडले की ते केंद्रच माणसांना गाव सोडायला लावते.

अर्थात पैसे सर्वत्र चालत नाहीत. बाजार वेढ्यात सापडलेला असेल, जसा सुदानमधील एल फाशेरचा होता, तर पैसे वाटून भाव तेवढे चढतात आणि माल तितकाच राहतो. पुरात रस्ते तुटले असतील तेव्हाही तेच. रक्कमही ठरवून सोडून देता येत नाही. ज्वारी आणि पाण्याचे भाव बघून ती बदलावी लागते, आणि हे करार लिहिणाऱ्यांना आवडत नाही. शिवाय लहान मुलांचा पौष्टिक आहार, लस आणि औषधे या गोष्टी गावच्या दुकानात मिळत नाहीत, त्यामुळे त्या पाठवाव्याच लागतात.

पैसे खाल्ले जातात का, याचे उत्तर स्पष्ट हो असे आहे. बैदोआ आणि मोगादिशूभोवतीच्या बऱ्याच वस्त्या खासगी जमिनीवर आहेत आणि प्रत्येक वस्तीवर एक मुकादम असतो. तो जागा देतो, भांडणे सोडवतो, संस्थांना यादी पुरवतो आणि त्या बदल्यात प्रत्येक कुटुंबाच्या मदतीतून आपला वाटा कापतो. कधी सिमकार्डच त्याच्या माणसाच्या नावावर असते. 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत तपासात जमीनमालक, स्थानिक अधिकारी, सुरक्षा दलांतील माणसे आणि खुद्द मदत कर्मचारी यांचा या वसुलीत हात असल्याचे आढळले, आणि त्यानंतर युरोपीय संघाने जागतिक अन्न कार्यक्रमाला सोमालियासाठी दिला जाणारा निधी काही काळ थांबवला. म्हणून मी याला किरकोळ म्हणणार नाही. पण मुकादमाला हाकलून द्या, असा सल्ला देणाऱ्यांनी त्या वस्तीत एक रात्र काढावी. पोलीस नाहीत, जागेचा कागद नाही, आणि जमीनमालकाने उद्या झोपड्या पाडायला माणसे पाठवली तर त्याच्याशी बोलणारा तोच एक असतो. आम्ही करतो ते एवढेच: यादी वस्तीच्या मुकादमाऐवजी आमच्या नोंदणीतून करतो, लहान कुळांची आणि एकट्या बायकांची घरे स्वतंत्रपणे शोधतो, पैसे जमा झाल्यावर नमुन्यादाखल निवडलेल्या घरांना दुसऱ्या गावच्या माणसाकडून फोन करवतो, आणि किती वाटा गेला हे विचारतो. बायका आकडा सांगतात, जर फोन करणारा स्थानिक नसेल तर. गावात दिलेल्या मदतीत गळती तुलनेने कमी असते, कारण तिथे जागेचे भाडे नसते. इथेही मुद्दा फिरून गाव की शिबिर यावरच येतो.

वेळेत पैसा आला तर फरक पडतो का, याला 2017 ची साक्ष आहे. 2016 चा छोटा पाऊस फसताच निधी लवकर सुटला आणि 2017 च्या मध्यापर्यंत दरमहा सुमारे तीस लाख माणसांना अन्न किंवा पैसे मिळू लागले. पटकी आली, विस्थापन झाले, पण 2011 ची पुनरावृत्ती झाली नाही. पुढच्या खेपेला परीक्षा अधिक कठीण होती. 2020 च्या अखेरीपासून 2022 च्या अखेरीपर्यंत सलग पाच पाऊस फसले. तीस लाखांहून अधिक जनावरे मेली आणि दहा लाखांहून अधिक माणसे घराबाहेर पडली. युक्रेनवरील आक्रमणाने गहू महागला, कारण सोमालियाचा बहुतेक गहू रशिया आणि युक्रेनमधूनच येत होता. सप्टेंबर 2022 मध्ये बैदोआ आणि बुरहकाबा या तालुक्यांत दुष्काळ पडण्याचा अंदाज वर्तवला गेला, मग पैसा आला आणि अधिकृत घोषणा टळली. तरीही 2022 या एका वर्षात सुमारे 43,000 जादा मृत्यू झाल्याचा अंदाज पुढे प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील निम्मी पाच वर्षांखालील मुले होती. ‘दुष्काळ टळला’ हे वाक्य मी त्यामुळे जपून वापरतो.

मराठी वाचकाला इथे 1972 आठवणे साहजिक आहे. मे 1973 मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास मजूर होते. बंडिंगवर आणि खडी फोडायला माणसे गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर जात होती, मजुरी रोख मिळत होती आणि मुलांना सुकडी. पेव रिकामे होते, पण हातात पैसा होता. तत्त्व तेच आहे. फरक असा की त्या कामांमागे तहसीलदार होता, खजिना होता, रेल्वे होती आणि विधानसभेत ओरडणारा विरोधी पक्ष होता. 1991 मध्ये सरकार कोसळल्यानंतर सोमालियात यातले बहुतेक काही उरले नाही, म्हणून तहसीलदाराचे काम परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्था करतात, आणि तो पैसा कोणत्या महिन्यात सुटेल हे दुसऱ्याच देशांच्या राजधान्यांत ठरते. 2025 मध्ये अमेरिकेने परदेशांना मदत देणारी आपली यूएसएड ही संस्थाच गुंडाळली, तेव्हा ही व्यवस्था किती परावलंबी होती ते उघड झाले.

परतीविषयी प्रश्नकर्त्याने विचारलेले नाही, पण थोडक्यात सांगतो. पाऊस आला की माणसे परत जातात, हा समज खरा नाही. शेळ्या नाहीत, बियाणे नाही, गावावर अजून अल-शबाबचा ताबा आहे आणि शहरात निदान दवाखाना आहे. मग बाई परत कशाला जाईल? बैदोआभोवती आज पाच लाखांहून अधिक विस्थापित आहेत आणि त्यांतील बरेच तिथेच राहणार आहेत. शहराच्या उत्तरेस बरवाको येथे पालिकेने जमीन देऊन काही कुटुंबांना मालकीचे कागद दिले, ही मला गेल्या काही वर्षांतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण कागद असला की मुकादमाची गरज आपोआप कमी होते.

शेवटी, इथून काय करता येईल, तेही सांगतो. कपडे आणि धान्य गोळा करून पाठवू नका; त्यांच्या वाहतुकीच्या खर्चात तिथे अधिक धान्य विकत मिळते. पैसे द्यायचे असतील तर एखाद्या विशिष्ट वस्तूसाठी राखून न ठेवता द्या. द्यायचे कधी, हे महत्त्वाचे: छोटा पाऊस फसल्याची बातमी डिसेंबर-जानेवारीत येते, तेव्हा द्या, हाडे दिसणाऱ्या मुलांचे फोटो जुलैत येतात, तोवर थांबू नका. आणि संस्था निवडताना तिला दोन प्रश्न विचारा. तुमची मदत घेणाऱ्यांपैकी किती जण अजून आपल्या गावात राहतात? आणि पैसे मिळाल्यावर त्यातला किती भाग दुसऱ्याला द्यावा लागला, हे तुम्ही त्यांना कसे विचारता? दुसऱ्या प्रश्नाला ‘आमच्याकडे गळती होत नाही’ असे उत्तर आले, तर दुसरी संस्था शोधा.